उन्हात डेप्थ कॅमेरा का चकतो?

इंटेलने आणलेला रिअलसेन्स डी४३५ हा डेप्थ कॅमेरा दोन भिंगांतून एकच दृश्य टिपतो आणि दोन्ही चित्रांतल्या खुणा जुळवून अंतर काढतो. भर उन्हात चित्र पांढरेफटक पडले की खुणा पुसल्या जातात, अंतराच्या नकाशात भोके पडतात. ऑटो-एक्स्पोजर ठरावीक भागाचा सरासरी उजेड पाहते. त्यात आकाश आले, तर जमीन काळवंडते. म्हणून आधी तो भाग जमिनीवर आणा. तरीही चित्र पांढरेच राहिले, तर ऑटो बंद करून गेन किमान ठेवा आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंदापासून खाली आणत पाहा. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रोजेक्टर उन्हापुढे फिका पडतो, पण काळजी नको: माती, गवत, दगड यांचा पोतच भरपूर खुणा पुरवतो. एक्स्पोजर लावताना तो पोत जपणे, हेच खरे काम.