गाडी कारखान्यात नाही, तरी गिऱ्हाईक रांगेत

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतील स्काउट मोटर्स या कंपनीने दोन गाड्यांचे नमुने लोकांपुढे ठेवले. एक 'ट्रॅव्हलर' नावाची, बंद टपाची. दुसरी 'टेरा' नावाची, मागे माल ठेवण्याचा हौदा असलेली. दोन्ही विजेवर चालणाऱ्या आणि दोन्ही डोंगर, वाळू व ओढे तुडवण्यासाठी आखलेल्या. उत्पादनासाठी कंपनीने २०२७ सालाचे उद्दिष्ट सांगितले. साउथ कॅरोलिना राज्यातील ब्लाइदवुड येथे कारखान्याचे बांधकाम त्यावेळी चालू होते. एवढ्यावरच शंभर डॉलर, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये, भरून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या पुढे लाखावर गेली.

ही गाडी अमेरिका व कॅनडातील गिऱ्हाइकासाठी आखली आहे, तेव्हा वाचकांनी ती घ्यावी की न घ्यावी हा प्रश्नच नाही. परंतु माल तयार होण्याआधी गिऱ्हाईक पैसे ठेवतो त्याचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न ट्रकची बॉडी बांधणाऱ्यापासून शेरवानी शिवणाऱ्यापर्यंत आपल्या सर्वांचा आहे. म्हणून या गाडीची हकिकत आम्ही व्यापाराच्या पानावर देत आहोत.

स्काउट हे नाव नवे नाही. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने जीपला टक्कर देण्यासाठी या नावाची गाडी काढली आणि १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांवर गाड्या केल्या. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना ही कंपनी ट्रॅक्टरमुळे माहीत आहे. १९६३ मध्ये महिंद्राने तिच्याशीच भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली होती. अमेरिकेत मूळ कंपनी अडचणीत आली, तिचा शेतीयंत्रांचा धंदा विकला गेला आणि १९८६ मध्ये उरलेल्या ट्रकच्या धंद्याला नाविस्टार हे नाव मिळाले. २०२१ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाने नाविस्टार घेतली, तेव्हा स्काउट हे नावही त्यांच्या हाती आले. चाळीस वर्षे बंद असलेल्या गाडीचे शौकीन मात्र टिकून होते. गंज लागलेल्या जुन्या गाड्या उघडून, सुटे भाग शोधून, पत्रा बदलून ते त्या चालवत राहिले. कंपनीने नवी गाडी काढली ती या लोकांच्या मायेच्या भांडवलावर. धंद्यात जुन्या नावाची किंमत काय असते, हे यावरून दिसते.

आता गाडीच्या आतले पाहू. विजेची मोटर आडवाटेला फार उपयोगी. इंजिनाला जोर यायला फेरे वाढवावे लागतात, मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते. दगडावर चाक इंचाइंचाने चढवायचे असेल तर क्लच घासत बसावे लागत नाही. अडचण पल्ल्याची. निव्वळ बॅटरीच्या स्काउटला कंपनीने ३५० मैल, म्हणजे सुमारे ५६० किलोमीटर, पल्ला सांगितला आहे. पण तो चांगल्या रस्त्यावरचा. वाळू, चढ आणि मागे ओढायचे वजन असले की तो झपाट्याने घटतो, आणि रानात चार्जिंग कुठून मिळणार?

यावर कंपनीने दुसरा प्रकार दिला. त्यात बॅटरीसोबत एक लहान पेट्रोल इंजिन बसवले आहे. त्याला नाव दिले 'हार्वेस्टर', जुन्या कंपनीची आठवण म्हणून. हे इंजिन चाके फिरवत नाही. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे सांगायला वेळ लागणार नाही: वीज गेली की जनरेटर लावतात, जनरेटर माग चालवत नाही, तो मोटरला वीज देतो आणि माग मोटरच चालवते. इथे तसेच आहे. चाकांना ताकद नेहमी मोटरचीच. इंजिन फक्त वीज तयार करते. त्यामुळे बॅटरी लहान ठेवता येते. अशी गाडी नुसत्या बॅटरीवर सुमारे १५० मैल आणि इंजिनाची मदत धरून ५०० मैलांवर, म्हणजे आठशे किलोमीटर, जाईल असा कंपनीचा दावा आहे. टाकीत पेट्रोल ओतले की पुढे चालू.

मोटार दुरुस्तीच्या धंद्यातील आमच्या बांधवांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. या प्रकारात क्लच आणि नेहमीचा गिअरबॉक्स गेला, पण इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर राहिले. चासी स्वतंत्र, मागचा एक्सल अखंड, जुन्या पद्धतीचा. म्हणजे वेल्डिंग, डेंटिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचे काम कुठे जात नाही. वायरिंगचे काम मात्र जोखमीचे होते. चारशे व्होल्टच्या पलीकडची वीज अंदाजाने हाताळण्याची वस्तू नव्हे.

नोंदणी करताना गिऱ्हाइकाला कोणता प्रकार हवा हे विचारले गेले, आणि पाचांपैकी चार जणांनी इंजिन असलेली गाडी मागितली. कंपनी २०२२ मध्ये विजेच्या गाडीची घोषणा करून निघाली होती. इंजिनाचा विचार नंतर आला आणि गिऱ्हाइकाने त्यालाच पसंती दिली. शंभर डॉलरची नोंदणी कारखानदाराला ही एवढी मोलाची माहिती देते. कोट्यवधी रुपयांचे साचे तयार होण्यापूर्वी बाजार काय मागतो ते कळते.

परंतु नोंदणी म्हणजे विक्री नव्हे. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक दाखवला, तेव्हाही शंभर डॉलरच घेतले. सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर जाहीर केली. गाडी चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस, लोकांच्या हाती पडू लागली आणि तोवर सर्वांत स्वस्त प्रकाराचा भाव साठ हजारांवर गेला होता. दहा लाखांवर लोकांनी नाव नोंदवल्याचे कंपनीचे प्रमुख सांगत होते. मार्च २०२५ मध्ये एका दोषासाठी जवळपास सर्व सायबरट्रक परत बोलावण्यात आले, तेव्हा आकडा निघाला ४६,०९६. दहा लाख कुठे आणि हे कुठे! आमच्या मते शंभर डॉलर परत मिळणार असतील तर माणूस हौसेने भरतो. साठ हजार मोजताना त्याला घरखर्च आठवतो. स्काउटनेही किंमत साठ हजार डॉलरच्या आत सुरू होईल असे सांगितले आहे. हा शब्द किती पाळला जातो त्यावर रांगेतले किती जण उरतील ते ठरेल.

या रांगेने आणखी एक भांडण उभे केले. स्काउट गाडी थेट गिऱ्हाइकाला विकणार, मधे दुकानदार नाही. फोक्सवॅगनच्या गाड्या वर्षानुवर्षे विकणाऱ्या डीलरांना हे कसे रुचावे? २०२५ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील डीलरांच्या बाजूने न्यायालयात दावे दाखल झाले. एजन्सीवर पोट असणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी या दाव्यांकडे लक्ष ठेवावे, कारण थेट विक्रीची हवा एका धंद्यापुरती राहत नाही.

आता आपल्या विसाराकडे, ज्याला आपण बयाणा म्हणतो. स्काउटची रक्कम गिऱ्हाईक मागेल तेव्हा परत करायची आहे, म्हणून तिथे वाद नाही. आपल्या बाजारात मात्र 'सौदा मोडला तर बयाणा बुडाला' ही रीत सर्रास चालते. हनफी, मालिकी आणि शाफिई फुकहांनी असा बयाणा जप्त करणे नाजायज मानले आहे. हंबली मजहबात त्याला मुभा आहे. म्हणजे दक्षिणेकडचे हनफी असोत की कोकणातील शाफिई, आपल्यापैकी बहुतेकांच्या मजहबात या रीतीला आधार नाही. ऑर्डर घेऊन माल बनवून देणे, ज्याला इस्तिस्ना म्हणतात, ते हनफी फिकहमध्ये जायज आहे. अट एवढीच की मालाचा प्रकार, माप, दर्जा आणि किंमत आधी स्पष्ट ठरलेली असावी. कपाटाची ऑर्डर घेताना लाकूड कोणते, जाडी किती, पॉलिश की सनमायका, आणि दिवस कोणता, हे पावतीवर लिहिले तर निम्मी भांडणे होतच नाहीत. कापलेल्या लाकडाचे वा कापडाचे नुकसान कोणी सोसायचे, हे मात्र प्रत्येक सौद्यात वेगळे असते. ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून त्याच पावतीवर, पैसे हातात घेण्याआधी, लिहून ठेवावे.