सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव? वारस नोंद, वाटणी आणि मृत्युपत्र समजून घ्या

पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत जावे आणि सातबाऱ्यावर आठ वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचेच नाव निघावे, हा प्रसंग आपल्याकडे नवा नाही. जमीन वहितीत असते, पण कागदावर कास्तकार मयत असतो. मग पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, शेतकरी ओळख क्रमांक असे सगळेच अडते. जिगाव प्रकल्पासारख्या भूसंपादनातही मोबदल्याची नोटीस अभिलेखावरील नावानेच निघते.

यावर उपाय म्हणून 1 मार्च 2025 पासून बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे हे काम पुढे शासनाने राज्यभर घेतले. मोहीम असो वा नसो, वारस नोंदीचा अर्ज केव्हाही करता येतो.

पायरी 1 : वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यायची असते. उशीर झाला तरी हक्क बुडत नाही, पण अर्ज लवकर करा. अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो.

सोबत ठेवा:
- मृत्यूचा दाखला
- सर्व वारसांचे शपथपत्र
- वारसांची आधार कार्डे, वयाचा व रहिवासाचा पुरावा
- पत्ते आणि मोबाईल क्रमांक

चौकशीनंतर फेरफार घेतला जातो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही.

वारस कोण?

हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुष मयत झाल्यास पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत. आईचे नाव हमखास विसरले जाते. लग्न झालेल्या मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो.

बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. साध्या कागदावरच्या सहीने हक्क सुटत नाही. तिचे नाव लपवून केलेली नोंद मात्र पुढे वादात सापडते.

पायरी 2 : वाटणी

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीनंतर जमीन सर्वांची सामाईक असते. कोणता धुरा कोणाचा, हे वाटणीनंतरच ठरते.

समजा, वडिलांची स्वकष्टार्जित चार एकर, म्हणजे 160 गुंठे जिरायत जमीन आहे. मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. पाच वारसांना प्रत्येकी 32 गुंठे येतात. सर्वांची संमती असल्यास संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करावा. हक्काबद्दल वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. 2023 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा वाटणीत पाडता येत नाही. वरच्या उदाहरणातले 32 गुंठे पुढच्या पिढीत दोघांत वाटायचे म्हटले तर 16 गुंठेच येतात. म्हणून कोणी जमीन घ्यायची आणि कोणाला त्याबदली पैसे किंवा घर द्यायचे, हे थोरल्यांनी हयातीतच ठरवलेले बरे.

हयातीत करता येण्याजोगे दोन उपाय

*मृत्युपत्र :* स्वतः कमावलेली जमीन आणि सामाईक मालमत्तेतला स्वतःचा हिस्सा यांचेच मृत्युपत्र करता येते. वडिलोपार्जित पूर्ण शेत एका मुलाला लिहून देता येत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ज्यांना लाभ मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. विचार बदलल्यास मृत्युपत्र केव्हाही बदलता येते.

*बक्षीसपत्र :* पती-पत्नी, मुले, नातवंडे किंवा मयत मुलाची पत्नी यांना शेतजमीन बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. इतर फी व उपकर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. मात्र हे मृत्युपत्रासारखे मनात आले की बदलता येत नाही. नोंदणी झाली की जमीन आपली राहत नाही. म्हणून ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहा. अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्याची मागणी करता येते. सगळीच जमीन देऊन टाकू नका. म्हातारपणाला आधार म्हणून थोडी स्वतःच्या व पत्नीच्या नावावर ठेवा.

कृषी सहायकांसाठी

गावभेटीत पिकाबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : ‘सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ घरातला कर्ता गेलेल्या कुटुंबात तर आधी हाच विचारा. त्या माउलीचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ती शेतात राबत असूनही योजनांच्या यादीत तिला जागा मिळत नाही. दुःखाच्या दिवसांत तिला या कागदांची आठवण कोणी करून देत नाही. ते काम तुम्ही करा.

या खरिपाआधी आपला सातबारा काढा आणि त्यावरचे प्रत्येक नाव वाचा. मयत नाव दिसले तर मृत्यूच्या दाखल्यापासून कामाला लागा.