डॉलर आटले, रुपये झाले

पनवेलच्या एका घरी जपलेला १९१९ चा चांदीचा रुपया आम्ही तोलला. भरला ११.५ ग्रॅम, थोडा झिजलेला. पहिल्या महायुद्धात लोक नोटा देऊन असे रुपये मागू लागले आणि सरकारजवळची चांदी संपत आली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी जुने डॉलर आटवले. बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली. डॉलरमध्ये शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, रुपयात १०.६९, म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये! कोणत्या सालची किती नाणी आटवली, याची नोंद मात्र ठेवली गेली नाही. त्यामुळे टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावरून आज उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही. आमच्या रुपयात डॉलरची चांदी असेलही. नुसत्या तराजूने ते कळायचे नाही.