आधी कुणी बोलायचं? लहान कार्यालयातल्या वायफायमधला प्राधान्यक्रम

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं वायफायवर बोलावं, ही कल्पना आम्हालाच आधी विचित्र वाटली होती. पण चाळीस वर्षं न्याय म्हणजे काय ते वर्गात शिकवलं आणि सत्तरी उलटल्यावर एका ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये त्याच विषयात नापास झालो. ती हकीकत सांगतो, म्हणजे विषयही कळेल.

आम्ही काही निवृत्त मंडळी पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी फोनसेवा चालवतो. दोन खोल्यांचं कार्यालय, छताला एक ॲक्सेस पॉइंट, त्यावर चार वायफाय फोन आणि सात लॅपटॉप. दुपारी तीनच्या सुमारास आमचा आवाज तुटायला लागायचा. आम्हाला समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येई, पण आमचं तिकडे पोचत नसे. एका आजींनी रडत रडत सगळं सांगितलं, मग विचारलं, "तुम्ही ऐकताय ना?" आम्ही तीनदा "हो" म्हणालो. त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा केला तो सहा दिवसांनी.

आता, वायफाय चालतं कसं? अध्यक्ष नसलेली सभा डोळ्यांसमोर आणा. (आमच्या विभागाच्या बैठका अशाच असत.) एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं. आधी कान देऊन ऐकायचं, शांतता झाली की थोडं थांबायचं, मग मनात एक आकडा धरून तो शून्यापर्यंत मोजायचा आणि बोलायचं. दोघांनी नेमका तोच आकडा धरला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. मग पुढच्या खेपेला आकडा मोठ्या पल्ल्यातून निवडायचा. ॲक्सेस पॉइंटसुद्धा या सभेतला एक सभासदच असतो. बोलायची पाळी त्यालाही अशीच मिळवावी लागते.

२००५ साली ८०२.११ई हे मानक आलं आणि या सभेत चार वर्ग झाले: आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. तुमच्या उपकरणात हे 'डब्ल्यूएमएम' या नावानं दिसेल. रांगेत पुढे नेऊन उभं करणं असा याचा अर्थ नाही. फक्त थांबण्याचा काळ आणि आकड्याचा पल्ला बदलतो. ५ गिगाहर्ट्झवर आवाजाचं पॅकेट शांततेनंतर ३४ मायक्रोसेकंद थांबतं, सर्वसाधारण ४३, पार्श्वभूमीचं ७९. त्यानंतर आवाजानं शून्य ते तीनमधला आकडा धरायचा, सर्वसाधारणानं शून्य ते पंधरामधला. म्हणजे आवाज जिंकण्याची शक्यता वाढते, हमी मिळत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण आम्ही तिथेच चुकलो.

सेटिंगच्या पानावर सहसा दोन तक्ते असतात. पहिला ॲक्सेस पॉइंटच्या स्वतःच्या बोलण्याचा, म्हणजे इकडे येणाऱ्या वाहतुकीचा. दुसरा फोन-लॅपटॉपच्या बोलण्याचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा. ॲक्सेस पॉइंट दुसरा तक्ता फक्त जाहीर करतो, तो पाळायचा उपकरणांनी. म्हणून आधी विचारा, तुटतंय कुणाला? तुम्हाला तुटक ऐकू येत असेल तर शोध पहिल्या बाजूनं सुरू करा. समोरच्याला येत असेल तर दुसऱ्या. आमचं दुखणं दुसऱ्या बाजूचं होतं.

मग आम्ही काय केलं? लॅपटॉपवर काम करणाऱ्या बाईंवर अन्याय नको, त्याही सेवाच करतात, असं म्हणून दुसऱ्या तक्त्यात सर्वसाधारण वर्गाला आवाजाचेच आकडे भरले. सगळे समान! ॲरिस्टॉटलचा प्रमाणबद्ध न्याय इतकी वर्षं शिकवूनही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकही फोन धड झाला नाही. हिशेब सोपा आहे. आकडे चार, शून्य ते तीन. बोलायला उत्सुक उपकरणं पाच झाली की निदान दोघांचा आकडा सारखा येणारच. टक्कर झाल्यावर पल्ला वाढतो, पण आवाजाच्या वर्गात तो सातपर्यंतच. आठ आकडे, अकरा उपकरणं. हा लहान पल्ला थोड्यांसाठी, आणि थोडंथोडं बोलणाऱ्यांसाठीच आखलेला आहे. नेहमीच्या पद्धतीत एक फोन-संभाषण एका दिशेनं सेकंदाला पन्नास छोटी पॅकेटं पाठवतं, सगळी मिळून शंभर किलोबिटसुद्धा भरत नाहीत. त्याला जागा फार नको असते, वेळेवर हवी असते. फाइल चढवणाऱ्या लॅपटॉपचं नेमकं उलट.

वैतागून एका जाणकारानं डब्ल्यूएमएम बंदच करायला सांगितलं. ते करू नका. ८०२.११एन आणि त्यापुढच्या वेगांना ते लागतंच, बंद केलं की जोडणी ५४ मेगाबिटांच्या जुन्या वेगावर येते. आकडे आम्ही मुकाट्यानं मूळपदावर आणले. बऱ्याच उपकरणांत मूळ आकड्यांचा तयार साचा असतो, तो निवडला की झालं. सबळ कारण नसेल तर त्याला हात लावू नये, असं आमचं आता ठाम मत आहे.

खरा दोष निघाला फोनमध्येच. पॅकेट कोणत्या वर्गाचं हे त्याच्यावरच्या शिक्क्यावरून ठरतं. त्या शिक्क्याला डीएससीपी म्हणतात. आमच्या फोनांत तो शून्यावर होता, म्हणजे आमचा आवाज पहिल्यापासून फाइलींच्याच वर्गात बसून होता. आवाजाचा रूढ शिक्का ४६. तो भरला आणि वायफायवरची तक्रार जवळजवळ मिटली.

इथे एक गंमत आहे. अनेक उपकरणं शिक्क्याच्या सहा बिटांपैकी वरचे तीनच वाचतात. ४६चे वरचे तीन म्हणजे पाच, आणि वायफायच्या कोष्टकात पाच हा चित्राचा वर्ग! आवाजाला सहा किंवा सात लागतो. दोन समित्यांनी आपापल्या जागी शहाणपणानं केलेल्या नियमांचा हा मेळ. २०१८च्या आरएफसी ८३२५मध्ये ४६ला सहावर न्यावं अशी शिफारस आहे. तुमच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये जुळणीचा तक्ता असेल तर ती ओळ तपासा. नसेल तरी फार हळहळू नका, चित्राचा वर्गही सर्वसाधारणापेक्षा बराच पुढे आहे. बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवर मात्र विसंबू नका, इंटरनेटच्या वाटेत शिक्का बरेचदा पुसला जातो.

तरीही तीन वाजता अधूनमधून तुटायचंच. कारण वायफाय मोकळं झालं, पण पुढची ब्रॉडबँडची वाट तुंबत होती. त्या वेळेला लॅपटॉपांचा बॅकअप सुरू व्हायचा. तिथे ॲक्सेस पॉइंटचं काही चालत नाही, काम राउटरचं. राउटरमध्ये बाहेर जाण्याचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या जरा खाली बांधला, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं. बॅकअप रात्री साडेआठवर नेला. खरं तर हे आधी करायला हवं होतं, याला एक पैसा लागत नाही.

आजी आता मंगळवारी फोन करतात. मागच्या खोलीतला चौथा फोन तेवढा अजून कुरकुरायचा. मध्ये दगडी भिंत, सिग्नलच पोचत नव्हता, आणि जो पोचतच नाही त्याला पुढचा नंबर देऊन काय उपयोग? तिथे आम्ही सरळ तार ओढली आणि साधा तारेचा फोन ठेवला.