नफा झाला, मग पैसे कुठे गेले?

वाणिज्य शाखेच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते: दोन लाखांचा नफा झाला, म्हणजे बँकेत दोन लाख वाढले. ही समजूत वेळीच दूर व्हायला हवी, कारण नफ्यात चाललेला धंदाही पैशाअभावी बंद पडू शकतो. इचलकरंजीतला एखादा यंत्रमागधारक घ्या. 7 लाख भांडवलातून तो मार्चमध्ये 5 लाखांचं सूत रोखीने घेतो, त्यावर 5 टक्के जीएसटीचे 25 हजार भरतो, मजुरी आणि विजेवर 1 लाख खर्च करतो. तयार कापड 8 लाखांना उधारीवर विकतो आणि बिलात 40 हजार जीएसटी लावतो. घसारा तूर्त बाजूला ठेवला, तर नफा 2 लाख. पण जीएसटी बिलाच्या तारखेवर ठरतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून तो थांबत नाही. सुतावरचे 25 हजार वजा जाता उरलेले 15 हजार 20 एप्रिलपर्यंत भरावेच लागतात. ते भरल्यावर खात्यात उरतात 60 हजार, आणि पुढच्या सुताला हवेत 5 लाख!

मग सरळ आलेला-गेलेला पैसाच का मोजू नये, असं कुणी विचारेल. तसं केलं तर याच माणसाचा मार्च तोट्याचा दिसेल आणि वसुलीचा महिना भरघोस कमाईचा. विणकाम परवडतं की नाही, ते कळणारच नाही. उद्या त्याने 5 लाखांचं कर्ज काढलं, तर तीही कमाईच वाटेल. म्हणून तर कंपनी कायदा, 2013 चं कलम 128 हिशेब उपार्जित पद्धतीने, म्हणजे हक्क किंवा देणं निर्माण झालं तेव्हाच नोंदवायला सांगतं. घसाऱ्याचं उधार विक्रीच्या उलट आहे. 10 लाखांच्या मागावर दरवर्षी 1 लाख घसारा लावला की नफा तेवढा घटतो, पण त्या वर्षी खिशातून रुपयाही जात नाही. नव्या मागासाठी आपोआप पैसे साठतात, हा मात्र निव्वळ भ्रम.

'नफा कागदावरचा, रोकड तेवढी खरी' हा युक्तिवादही पुरता टिकत नाही. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. शिलकीचा आकडा कुठलाही असो, तो बँकेच्या स्वतंत्र दाखल्याशी ताडून पाहावाच लागतो.

यंत्रमागधारकाकडे परत येऊ. येणं बुडेल या त्याच्या भीतीवर कायद्याने थोडा उतारा दिला आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. पण वसुली होईपर्यंत सूतवाला थांबेलच असं नाही, म्हणून नफा-तोटा पत्रकाशेजारी रोखप्रवाह पत्रक हवं. मोठ्या कंपन्यांना ते सक्तीचं आहे, छोट्या कंपन्यांना मात्र कायद्याने सूट दिली आहे. ही सूट मला खटकते, कारण उधारीचा फटका सहन करण्याची ताकद त्यांच्याकडेच सगळ्यात कमी असते.