लाटणं की वाडगा? लेथवरचा जुना वाद

लाकूड लेथवर कातणाऱ्यांत दोन तट असतात. एकाला लाटणं, खाटेचे पाय, बुद्धिबळातले मोहरे आवडतात. दुसऱ्याला वाडगे, ताटल्या. आमच्या स्मृती नगरात (भिलाई) लेथ म्हटलं की लोकांना लोखंडच आठवतं, म्हणून थोडं लाकडाबद्दल.

🔸 स्पिंडल (लाटणं): लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर. दोन्ही टोकं पकडायची, पटाशी जाडीकडून बारीक भागाकडे न्यायची. हात बसला की पृष्ठभाग इतका गुळगुळीत येतो की पॉलिशपेपर जेमतेम लागतो.

🔸 बाऊल (वाडगा, पोळपाटही): तंतू अक्षाला आडवे. प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची टोकं येतात, म्हणून लाकूड उचकटतं. बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे, आतली काठाकडून मध्याकडे कातायची. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाड ठेवतात, काही महिने वाळवतात आणि मग पुन्हा कातून गोल करतात.

⚠️ स्पिंडलची रफिंग गाऊज (सुरुवातीला जाड कातायची खोलगट पटाशी) वाडग्यावर वापरू नका. तिचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो, तो मोडू शकतो.

रंगही लेथवरच चढवता येतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिलीत ना? लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. ही लाख आपल्या छत्तीसगडच्या कुसुम-पळसांवरही पिकते!

माझं मत: शिकणाऱ्यानं आधी लाटणं करावं. पटाशीवर ताबा तिथेच येतो. तुमचा कौल कुणाला? कमेंटमध्ये सांगा.