पावशी काळी करावी, पण जाळू नये

गेल्या पावसाळ्यात मी सासूबाईंची पावशी जवळजवळ वाया घालवली होती. (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी जिला विळी म्हणतात, तीच ही!) तिरोड्याच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेलं पातं, वीस वर्षं हाताखालचं. आमच्या गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणि तळी. श्रावणात हवेत इतका ओलावा, की रात्री धुऊन ठेवलेलं पातं सकाळी तांबूस दिसतं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गॅसवर लाल करा अन् तेल लावा. तव्यासारखं काळं होते, मग गंजत नाही." मी केलं. काळं झालं खरं, पण दुसऱ्या दिवशी टमाटरचं सालसुद्धा चिरेना!

लोहारकाकाजींनी पातं हातात घेतलं अन् म्हणाले, "बाई, पान्यानंच तं धार राह्यते. तुम्ही त्याचं पानीच उतरवलं."

मला तेव्हा कुठे उमगलं. लोहार लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात विझवतो, त्याला 'पाणी देणं' म्हणतात. पोलाद कडक होतं ते त्यामुळे. मग ठिसूळपणा जावा म्हणून तो ते बेताने, सुमारे 200 अंशांपर्यंत पुन्हा तापवतो. तेव्हा उजळ पात्यावर गवतासारखा पिवळा रंग येतो. 300 च्या आसपास निळा आला, की कडकपणा बराच उतरलेला असतो. तव्याला धार नसते, म्हणून त्याचं चालतं. काकाजींनी पुन्हा पाणी देऊन पातं वाचवलं. सासूबाईंना मात्र मी अजून सांगितलेलं नाही!

मग काळं करायचं कसं? ऑइलपेंट नकोच, खरवडून भाजीत उतरतो. बंदुकीच्या नळीला लावायची काळी द्रावणं विषारी असतात, स्वयंपाकघरात त्यांचं काम नाही. गाडीचं जळकं तेलही नको.

आपल्या जंगलातला हिरडा मात्र कामाचा. पूर्वी हिरडा आणि लोखंड मिळून शाई करीत, तोच हा गुण. त्यातलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून निळसर काळा थर धरतं. पाच-सहा हिरड्यांची टरफलं दोन पेले पाण्यात अर्धं होईतो उकळा, गाळून निववा, चमचाभर व्हिनेगर घाला. पातं आधी राखेने आणि बारीक पॉलिशपेपरने घासून पुसा. तेलकट बोट लागलं तरी तिथे डाग राहतो. अर्धा तास बुडवा, धुवा, कोरडं करा. हिरडा नसेल तर कडक, बिनदुधाचा चहा घ्या. रंग फिका वाटला तर दुसऱ्यांदा बुडवा.

वरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि लगेच पुसून काढा. हे तेल हवेत वाळून घट्ट होतं, शेंगदाण्याचं चिकटच राहतं. जाड थर दिलात तर महिनाभर माशा बसतील! आठवडाभर पातं पोरांच्या हाताला लागणार नाही असं सुकू द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

हा थर म्हणजे कवच नव्हे. चिंच, लिंबू, टमाटर चिरून तसंच ठेवलं तर तो विरतो. धार लावली की कड उजळ होणारच, तिला रात्री तेलाचं बोट फिरवलं की झालं. माझी पावशी आता दोन पावसाळे पाहिलेल्या तव्यासारखी दिसते. सासूबाई परवा म्हणाल्या, "पातं काळं कसं पडलं गं?" मी म्हटलं, "हिरड्याने."